बूट कुणाचे?

‘चाळिशीनंतर जाडजूड लेदर बूट कसे कॅरी कराल?’ या धर्तीचे लेख आणि रील्स मी नेमाने वाचते, पाहते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, रोज चार-पाच तास उभं राहून शिकवते आणि माझ्याकडे आठ भोकांचे, जाड तळाचे, काळे बूट आहेत. म्हणजे या लेखांनी ज्या बाईसाठी एवढा खटाटोप केलेला असतो, ती मीच. पण सल्ला म्हणून ते माझ्या फारसे कामाला येत नाहीत. एक लेखनप्रकार म्हणून मात्र ते फार बोलके असतात.

त्यांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात धीर दिला जातो: वय हा फक्त आकडा आहे. दुसऱ्यात हळूच भीती घातली जाते: पण कॉलेजातल्या पोरीचे कपडे चोरून घातल्यासारखं दिसायला नको, नाही का? मग नियमांची यादी येते. अंगावर ठळक वस्तू एकच ठेवा. बूट जड असतील तर वरचे कपडे ‘सॉफ्ट’ हवेत. फाटकी जीन्स नको, साखळ्या नकोत, काळ्यावर काळं नको. शेवटी आशीर्वाद: आत्मविश्वास हाच खरा दागिना. आधीच्या दहा मुद्द्यांनी जो काढून घेतला, तोच अकराव्यात भेट म्हणून परत मिळतो.

या साच्यातलं मला सर्वांत मजेदार वाटतं ते क्रियापद: ‘कॅरी करणं’. बूट माणसाला वाहून नेण्यासाठी असतात. इथे बाईनेच बुटांना वाहून न्यायचं आहे, तेही चेहऱ्यावर कष्ट न दाखवता. मराठीत याच कामासाठी आपल्याकडे जुनं क्रियापद आहे, ‘शोभणं’. ‘वयाला शोभेल असं घाल.’ चावणं, रुतणं, घासणं हे ज्याचा पाय त्यालाच कळतं. शोभणं ठरवायला मात्र दुसरं कुणीतरी लागतं. आणि त्या दुसऱ्याला पटलं नाही, तर त्याच्याकडे ‘म्हातारचळ’ हा शब्द तयारच असतो.

या सगळ्या लेखांच्या मुळाशी एक गृहीतक आहे. बूट तरुणांचे, मध्यमवयीन बाई ते उसने आणते, म्हणून तिने ते जपून वापरावेत. हे गृहीतक मला तपासून पाहायचं आहे. बूट नक्की कुणाचे?

जाड लेदर बूट म्हटलं की ज्या जोडीचं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं, त्या ‘डॉक्टर मार्टेन्स’पासून सुरुवात करू. त्यातले डॉक्टर खरे होते. क्लाउस मेर्टेन्स हे जर्मन सैन्यातले डॉक्टर. १९४५ मध्ये बव्हेरियन आल्प्समध्ये स्कीइंग करताना त्यांचा घोटा दुखावला. सैन्यातले कडक तळाचे बूट त्या पायाला सोसेनात, म्हणून त्यांनी मऊ चामडं आणि हवेची गादी असलेला रबरी तळ यांचा मेळ घालून स्वतःपुरता बूट तयार केला. पुढे हर्बर्ट फुंक या मित्राबरोबर त्यांनी धंदा सुरू केला, तो युद्धानंतर जर्मन हवाई दलाच्या तळांवर टाकून दिलेलं रबर वापरून. आणि गिऱ्हाईक कोण होतं? पहिल्या दशकातल्या विक्रीपैकी सुमारे ८० टक्के बूट चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी घेतले, असं या बुटांच्या इतिहासात सांगितलं जातं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि मग थोडा रागही आला. ज्यांच्यासाठी आज ‘कसे कॅरी कराल’ छापाचे लेख लिहावे लागतात, त्याच वयाच्या बायकांनी हे बूट मुळात चालते केले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत चाळीस-पन्नास वर्षांच्या बाईच्या पायांना काय काय करावं लागत असेल, याचा थोडा विचार करा. शहरं पडलेली, घरातले पुरुष मेलेले, जखमी किंवा कैदेत, आणि रेशनच्या रांगा. तिला सोसेल असा तळ हवा होता. तो मिळाला आणि तिने तो घेतला. तिला तो शोभतो की नाही, हे विचारायला बहुधा कुणाला सवड नव्हती.

मग बूट इंग्लंडला गेले. नॉर्थम्प्टनशरमधल्या वॉलस्टन गावच्या ग्रिग्ज या बूट बनवणाऱ्या कुटुंबाने हक्क विकत घेतले, टाचेचा आकार थोडा बदलला, कडेने पिवळी शिवण घातली, नावाचा उच्चार इंग्रजी केला. पहिली जोडी बाजारात आली ती १ एप्रिल १९६० रोजी, आणि त्या तारखेवरून तिला ‘१४६०’ हे नाव पडलं. म्हणजे हा बूट महाराष्ट्र राज्यापेक्षा बरोबर एक महिन्याने मोठा आहे. आपल्याकडच्या हिशेबाने तो कधीच ज्येष्ठ नागरिक झाला.

तेव्हाही तो बंडखोरांचा नव्हता. किंमत सुमारे दोन पौंड, आणि गिऱ्हाईक पोस्टमन, कारखान्यातले कामगार, पोलीस. दिवसभर उभं राहणारी आणि चालणारी माणसं. साठच्या दशकात ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने तो मंचावर घातला. मग स्किनहेड पोरांनी उचलला, त्यांच्यामागून पंकांनी, नव्वदच्या दशकात ग्रंजवाल्यांनी. पोस्टर्सवर, गाण्यांत, फोटोंत हेच लोक उरले. रांगेतली जर्मन बाई आणि पत्रं वाटणारा पोस्टमन कुठल्या पोस्टरवर येणार? स्मृतीचं राजकारण असंच चालतं. ज्याचा फोटो चांगला येतो, वस्तू त्याची होते. आणि गंमत अशी की १९७६ साली जो पंक सोळा वर्षांचा होता, तो आज पेन्शनीत निघाला आहे. म्हणजे तरुणाईचं हे चिन्ह ज्यांनी घडवलं, तेच आता सत्तरीच्या दारात उभे आहेत.

‘बूट कुणाचे?’ या प्रश्नावर कलासमीक्षेत एक गाजलेला वाद होऊन गेला आहे. व्हॅन गॉगने १८८६ साली, पॅरिसमध्ये असताना, झिजलेल्या, नाड्या सैल पडलेल्या बुटांचं एक चित्र काढलं. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. तत्त्वज्ञ हायडेगरने या चित्रावर लिहिताना ते बूट एका शेतकरी बाईचे आहेत असं मानलं आणि त्या पोकळ अंधारातून तिचे कष्ट, तिची माती, तिची संध्याकाळची वाट उभी केली. १९६८ मध्ये कलेतिहासकार मायर शापिरोने हरकत घेतली: हे बूट शेतकरी बाईचे नाहीतच, ते शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे आहेत. दहा वर्षांनी देरिदाने दोघांनाही प्रश्न केला, की रिकाम्या बुटांत कुणाचे तरी पाय भरायची तुम्हाला एवढी घाई का?

मला या वादात देरिदाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, पण तो पुरेसा वाटत नाही. रिकाम्या बुटांत कुणाला तरी उभं करायची घाई फॅशनच्या लेखांनाही असते. जाड बूट दिसले की ते त्यात बावीस वर्षांची, बारीक पायांची, किंचित रागावलेली मुलगी उभी करतात. मग माझ्यासारखी त्यात पाय घालायला गेली, की दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं होतं. तत्त्वज्ञांनी चित्रातल्या बुटांवर वाद घातला. त्यांना ते घालून बस पकडायची नव्हती. घालणाऱ्याला मात्र मालकीचा प्रश्न पायानेच सोडवावा लागतो.

म्हणून आता पायाकडे येऊ. चाळिशीनंतर पाय बदलतो, ही गोष्ट आपल्याला कुणी नीट सांगत नाही. चष्म्याच्या नंबराला आपण ‘चाळिशी’ असं नावच दिलं आहे. पावलाच्या चाळिशीला शब्द नाही. पण अस्थिबंध सैल होतात, पावलाची कमान थोडी खाली बसते, चवडा रुंदावतो, टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. गरोदरपणानंतर अनेकींचं पाऊल लांबीने आणि रुंदीने कायमचं वाढतं. तरीही विशीत पाठ केलेला नंबरच आपण दुकानात सांगत राहतो.

दोन वर्षांपूर्वी माझी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल म्हणजे खिळ्यावर पाय. तपासून डॉक्टर म्हणाले, तळव्याचा पडदा सुजला आहे, टाचेला आधार हवा. पादत्राणांच्या दुकानात माझ्यापुढे आलं ते म्हणजे तपकिरी एमसीआर चप्पल. “मॅडम, तुमच्या वयात लेडीज हेच घेतात,” विक्रेता मुलगा आदबीने म्हणाला. चप्पल चांगली होती, दुखणं कमी झालं असतं. पण दुकानाची मांडणी पाहताना मला जाणवलं, की एका भिंतीवर लग्नकार्याच्या टाचा होत्या, दुसऱ्या भिंतीवर दुखण्याच्या चपला. म्हणजे एक तर दिसायचं, नाही तर सोसायचं. या दोन भिंतींच्या मधल्या रिकाम्या जागेत कुठेतरी बुटांचा मुद्दा आहे.

म्हणून या बुटांचं परीक्षण करताना त्यांना सवलत द्यायची नाही. आधी चांगलं सांगते. टाच आणि घोटा धरून ठेवणारा बूट, खाली उसळी असलेला जाड तळ, आणि नाड्या. नाड्या हा या बुटांचा खरा शोध म्हणावा इतक्या त्या उपयोगी आहेत, कारण पाय सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. सुजलेल्या पायावर नाडी सैल करता येते. पंप शूजला किंवा बॅलेरिनाला असं काही सांगता येत नाही. हाताची बोटं आखडत असतील किंवा वाकणं जड जात असेल, तर आतल्या बाजूला चेन असलेले बूट घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही.

आता दोष. हे बूट जड आहेत, जोडी सहज किलोभराच्या वर जाते, आणि पहिल्या आठवड्यात पोटऱ्या बोलतात. जाड तळामुळे जमिनीचा अंदाज कमी लागतो. जिना उतरताना हे जाणवतं आणि पन्नाशीकडे जाताना ही लहान गोष्ट नाही. नवं चामडं टाचेमागे आणि घोट्यावर चावतं. ‘सहनच करा, मग बघा’ हे बुटांच्या भक्तांचं आवडतं वाक्य मला साफ नामंजूर आहे. कोल्हापुरी चप्पलही चावते, पण आपण तिला तेल लावतो, घरात तासभर घालून फिरतो, तिला मुरू देतो. बुटांचंही तेच. जाड मोजे, घरातल्या घरात अर्धा तास, मग एक तास, चामड्याला मेण किंवा क्रीम. तीन आठवडे झाले तरी चवडा दाबला जात असेल, तर ते बूट तुमचे नाहीत. चामडं ताणतं, पण हाडाची रुंदी वाढवून देत नाही.

आणखी एक दोष फार कमी लोक बोलून दाखवतात. मार्टेन्सच्या बुटात वरचं चामडं काठाच्या पट्टीला शिवलेलं असतं, आणि ती पट्टी तळाला उष्णतेने सांधलेली असते. त्यामुळे तळ झिजला की तो बदलणं कोपऱ्यावर बूट-चपला शिवणाऱ्या काकांच्या हातातलं काम राहत नाही. पूर्ण शिवलेल्या बुटाचा तळ उसवून नवा लावता येतो. २००३ मध्ये कंपनीने जवळपास सगळं उत्पादन चीन आणि थायलंडला नेलं, २०२१ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारात आली, आणि जाहिरातीत बंडखोरी अजून तशीच आहे. बंडखोरीची किंमत मी मोजायला तयार आहे, पण मग तिचा तळ बदलता आला पाहिजे. मध्यमवयात माणसाला दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूंबद्दल विशेष माया असते, त्याची कारणं उघड आहेत.

हवामानाचं विसरून चालणार नाही. हे बूट थंड प्रदेशात जन्मले. मे महिन्यात दुपारी विदर्भात ते घालणं हा हट्ट आहे, स्टाइल नाही. पुण्याची थंडी आणि पावसाळ्याची सुरुवात त्यांना मानवते. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायचे नाहीत, आणि ऑगस्टमध्ये कपाटात कोंडून ठेवले तर बुरशी धरतात. कपड्यांचं म्हणाल, तर एकच नियम मला खरा वाटला आणि तो वयाचा नाही, नजरेचा आहे: बुटाचा वरचा काठ आणि कपड्याचा खालचा काठ यांची आपसात मारामारी नको. पँट घोट्याशी संपू द्या किंवा पूर्ण बुटावर पडू द्या. साडी नेसत असाल तर दोन बोटं वर नेसा, नाही तर फॉल नाडीत अडकतो. पोटरीपर्यंत नेसलेली नऊवारी तर बुटांसाठीच बेतल्यासारखी वाटते.

आरामदायी आणि देखणं हे दोन वेगळे कप्पे आहेत, या समजुतीला माझ्या माहितीतलं सर्वांत ठोस उत्तर एका बाईने दिलं आहे. फ्रीडा काहलोचा उजवा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक राहिला होता. अठराव्या वर्षी बसच्या अपघाताने शरीर आणखी मोडलं. १९५३ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिने कृत्रिम पाय लावला, आणि त्या पायाला लाल चामड्याचा, नाड्यांचा, उंच तळाचा बूट. त्यावर चिनी नक्षीचं भरतकाम, आणि चक्क घुंगरू. तिच्या मृत्यूनंतर तिच्या वस्तू घरातच कुलूपबंद राहिल्या आणि २००४ मध्ये उघडल्या गेल्या. २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो बूट लोकांनी पाहिला. मी फक्त फोटो पाहिला आहे, पण तो पुरेसा आहे. हा बूट उणेपणा झाकत नाही, सहानुभूती मागत नाही. चालायला आधार हवा होता, तो घेतला. आणि घेतलाच आहे तर तो लाल का नसावा, एवढंच त्याचं म्हणणं आहे. मेर्टेन्सचा घोटा आणि फ्रीडाचा पाय, दोन्ही जागी बुटाची सुरुवात दुखण्यातून झाली. स्टाइल दुखण्यानंतर येते, दुखण्याच्या जागी नाही.

घुंगरावरून आवाजाची गोष्ट आलीच. बाईच्या पायाचा आवाज आपल्याकडे फार जपून ऐकला जातो. पैंजण वाजलेले चालतात, जोडव्यांची टिकटिक चालते. पण ‘पाय आपटत चालू नकोस’ हे प्रत्येक मुलीने ऐकलेलं असतं. बुटाचा आवाज पैंजणासारखा लाडिक नाही. तो ‘मी येते आहे’ एवढंच सांगतो. आणि महाराष्ट्रात पायात काय घालायचं, कुणासमोर घालायचं, हा प्रश्न बायकांच्याही आधी जातीचा आहे. वरच्या मानलेल्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यायला लावलेली माणसं याच मातीतली. जी माणसं चामडं कमावत आणि जोडे शिवत, त्यांच्याच पायांवर हा पहारा होता. म्हणूनच चौकाचौकांतला सुटाबुटातला बाबासाहेबांचा पुतळा हा नुसता पोशाख नाही. त्या बुटांपुढे माझ्या बुटांचा प्रश्न लहान आहे, हे मला माहीत आहे. पण ‘पायरीनं राहा’ हे वाक्य आपल्याकडे पायांवरूनच का आलं असावं, याचा विचार दोन्ही ठिकाणी करावा लागतो.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये मला विचारतात, “मॅडम, आज ट्रेक?” मी “हो” म्हणते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही.

तुमच्यापैकी बहुतेक जण विशी-पंचविशीत असाल, आणि हे फोनवर वाचत असाल. कदाचित तुमच्याकडे असे बूट असतील, कदाचित सेलची वाट पाहत असाल. घ्या, चांगलेच आहेत. तळ बदलता येणारे मिळाले तर आणखी चांगलं, म्हणजे तुम्ही सत्तेचाळीसच्या व्हाल तेव्हाही ते असतील आणि तेव्हा तुम्हाला ते कॅरी करावे लागणार नाहीत. आणि आईला किंवा मावशीला घेऊन जाणार असाल, तर संध्याकाळी जा, तेव्हा पाऊल दिवसभराचं फुगलेलं असतं. तिचा जुना नंबर विचारू नका. दोन्ही पायांचं माप उभं राहून घ्यायला लावा, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा आहे ना बघा, आणि तिला दुकानात दहा मिनिटं चालू द्या. ती आरशाकडे चालत गेली तर जाऊ द्या.